जर्मनीला शिकायला जाताना वाटेत हेलसिंकी : थांबावं की सरळ पुढे जावं?

मुक्ताई_नाशिक

नमस्कार मंडळी. धाकटी लेक सप्टेंबरअखेर एमएस करायला जर्मनीला निघाली आहे, माग्देबुर्गला. व्हिसा हातात आला, ब्लॉक्ड अकाउंटचे (राहण्याखाण्याचा खर्च आधीच जमा करून दाखवायचं खातं) ११,९०४ युरो भरून झाले, आता घोडं तिकिटावर अडलंय.

दिल्ली-हेलसिंकी-बर्लिन असं फिनएअरचं तिकीट आम्हाला बाकीच्यांपेक्षा स्वस्त पडतंय. त्यात दोन प्रकार दिसतात. एकात हेलसिंकीला दोनेक तासांत विमान बदलायचं. दुसऱ्यात दुपारी उतरायचं, रात्र तिथेच काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बर्लिनचं विमान पकडायचं. हा दुसरा प्रकार आणखी थोडा स्वस्त आहे. बाईसाहेबांनी परस्पर ठरवूनही टाकलंय, "आई, जाता जाता एक देश बघून होईल." तिच्या बाबांचं म्हणणं, पोरगी पहिल्यांदा एकटी एवढ्या लांब चाललीय, त्यात अनोळखी गावात रात्रीचा मुक्काम म्हणजे नसती उठाठेव. दोघंही माझ्याशी बोलतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

तेव्हा जाणकारांनी सांगा: जर्मनीच्या व्हिसावर फिनलंडमध्ये विमानतळाबाहेर पडता येतं का? मोठ्या बॅगा कुठे राहतील? आणि रशियाची हद्द लागून आहे म्हणतात, त्याची धाकधूक आहेच.

दर्यावर्दी

जाऊ द्या हो पोरीला. एकदा माग्देबुर्गला पोचली की रजिस्ट्रेशन, बँक, विमा, परीक्षा, पार्टटाइम नोकरी यांत वर्ष कधी सरलं कळणार नाही. कुठलाही फॉर्म भरायचा नाही असा एक दिवस मिळतोय तर घेऊ दे.

चौकोनी_चाक

माझं मत उलटं आहे. रागावू नका.

स्वस्त तिकीट म्हणता, पण हॉस्टेलची खाट, जाण्यायेण्याचं भाडं आणि दोन वेळचं जेवण धरलं की उरलेले पैसे तिथेच खर्च होतात. हेलसिंकी स्वस्त गाव नाही. शिवाय पहिल्या प्रवासात डोकं आधीच पिकलेलं असतं. लॅपटॉप, सगळी मूळ कागदपत्रं आणि रोख पाठीवर घेऊन ही मुलगी चर्च बघत फिरणार! नाताळच्या सुट्टीत जाऊ दे ना मैत्रिणींबरोबर, बर्लिनहून जेमतेम दोन तासांचं विमान आहे.

दर्यावर्दी

@चौकोनी_चाक, नाताळात हेलसिंकी? तेव्हा तिथे सहा ताससुद्धा उजेड नसतो. आणि २४-२५ डिसेंबरला दुकानं, म्युझियमं बहुतेक बंद. सप्टेंबरअखेरीस निदान सात ते सात ऊन तरी असतं.

चौकोनी_चाक

ऊन हा शब्द जरा जास्त होतोय. उजेड म्हणा.

एस्पोकर

धागा आत्ता बघितला. मी हेलसिंकीला खेटून असलेल्या एस्पोत राहतो, नोकरीनिमित्त. दर सप्टेंबरला कुणाची ना कुणाची भाची-पुतण्या इथून पुढे जात असतात, त्यामुळे ही उत्तरं आता तोंडपाठ झालीत. जरा लांबेल.

व्हिसा: तिच्याकडे जर्मनीचा डी प्रकारचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा असणार. तो वैध असताना इतर शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं, त्यामुळे हेलसिंकीत बाहेर पडायला वेगळं काही लागत नाही. फक्त व्हिसावरची 'पासून' तारीख नीट बघा. शेंगेनमध्ये प्रवेश हेलसिंकीला होणार, बर्लिनला नाही. व्हिसा १ तारखेपासून असेल आणि ती ३० ला हेलसिंकीत उतरली, तर पंचाईत. खरं तर दिल्लीलाच विमानात चढू देणार नाहीत.

इमिग्रेशन: पासपोर्टची तपासणी हेलसिंकीला होते. पुढे बर्लिनला पासपोर्टची खिडकी नसते, सरळ बॅगांच्या पट्ट्यावर जायचं. म्हणून विद्यापीठाचं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा कागद, विम्याचा कागद, हेलसिंकीच्या मुक्कामाचं बुकिंग आणि पुढचं तिकीट हे सगळं हातातल्या बॅगेत, छापील. मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच रांगेत मान टाकते. इथले अधिकारी मोजकं बोलतात, चेहरा कोरा ठेवतात. त्याचा अर्थ रागावलेत असा नाही. कुठे चाललीस, काय शिकणार, आज रात्री कुठे राहणार, एवढंच विचारतात. ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी यंत्रणा सुरू झालीय, पण ती थोड्या मुदतीसाठी येणाऱ्यांसाठी. डी व्हिसावाले त्यातून वगळलेत.

विमा: जर्मनीतला आरोग्य विमा सहसा सत्र सुरू झाल्यावर लागू होतो. मधल्या दिवसांचा प्रवास विमा निघण्याच्या तारखेपासून आणि अख्ख्या शेंगेनसाठी आहे ना, ते बघा.

बॅगा: इथे खरी मेख आहे. एकाच तिकिटावर, चोवीस तासांच्या आतला थांबा असेल तर बॅगा साधारणपणे थेट बर्लिनपर्यंत जातात. चोवीस तास उलटले की तो मुक्काम धरतात आणि बॅगा हेलसिंकीला तुमच्या हवाली होतात. दिल्लीच्या काउंटरवर टॅगवर बर्लिनचं बीईआर छापलंय का, हे स्वतः वाचायचं. "हो मॅडम, थ्रू आहे" यावर विसंबायचं नाही.

बॅगा थेट गेल्या तर एक रात्र फक्त पाठीवरच्या सामानावर काढायची. त्यात एक जोड कपडे, औषधं, चार्जर आणि जाड जाकीट हवंच. सप्टेंबरअखेर इथे दहा अंशांच्या आसपास असतं आणि समुद्राचा वारा वेगळा. जाकीट तेवीस किलोच्या बॅगेत तळाशी घालून कुडकुडत आलेली मंडळी दर वर्षी बघतो.

रशियाबद्दल: सीमा तेराशे किलोमीटरहून जास्त आहे, खरंय. फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला नाटोत गेला आणि त्या वर्षाअखेरपासून रशियाकडची रस्त्याची नाकी बंद आहेत. शहरात रोजच्या जगण्यात यातलं काही जाणवत नाही. दुसरी-तिसरीतली पोरं एकटी ट्रामने शाळेत जातात. तुमच्या मिस्टरांना एवढं सांगा. रात्री दहाला स्टेशनवरून हॉस्टेलपर्यंत एकटीनं चालत जाणं इथे फार साधी गोष्ट आहे. शुक्रवार-शनिवारी रात्री स्टेशनच्या आसपास झिंगलेले लोक दिसतील. बहुतेक आपल्याच नादात असतात, त्यांना वळसा घालून पुढे जायचं.

रानपाखरू२२

वाचनखूण साठवली. एस्पोकरांना साष्टांग दंडवत.

एक शंका. मी मँचेस्टरला चाललोय, युकेचा स्टुडंट व्हिसा आहे. मलाही असंच हेलसिंकी करता येईल का?

एस्पोकर

@रानपाखरू२२, शहरात नाही. युके शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे तुझ्या व्हिसावर फिनलंडमध्ये पाऊल टाकता येत नाही. त्यासाठी वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागेल, त्याची फीच ९० युरो, अपॉइंटमेंटची मारामारी निराळी. एका संध्याकाळीसाठी माझ्या मते परवडत नाही. विमान बदलताना आंतरराष्ट्रीय भागातच थांबायचं. आणि रात्रभराचा थांबा अजिबात घेऊ नकोस, बाकड्यावर पाठ मोडेल.

पांथस्थ_माग्देबुर्गी

माग्देबुर्गचं नाव वाचून लॉगिन केलं. मी तिथूनच मास्टर्स केलंय.

मुक्ताई, या चर्चेत एक गोष्ट कुणी काढली नाही. मुलीला स्टुडंट वोनहाइम (विद्यार्थी वसतिगृह) मिळालंय का? मिळालं असेल तर भाडेकरार बहुतेक १ ऑक्टोबरपासून असेल आणि खोलीची किल्ली हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा, देतो. हा माणूस सोमवार ते शुक्रवार, तोही ठरलेल्या वेळातच भेटतो. शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही दारात पोचलात तर किल्ली सोमवारी. बाहेर दोन मोठ्या बॅगा, प्रेशर कुकर आणि रडवेली मुलं, हे दृश्य मी तिथे राहत असताना दर ऑक्टोबरला दिसायचं.

त्यामुळे माझ्या लेखी प्रश्न हेलसिंकीला थांबावं की नाही असा नाहीच. माग्देबुर्गला कामाच्या दिवशी, दुपारच्या आत पोचायचं आहे, तिथून मागे मोजत या. बर्लिनला संध्याकाळी उतरणार असेल तर तिथेही एक रात्र काढावी लागेल, कारण विमानतळावरून गाडी बदलत माग्देबुर्ग म्हणजे दोन-अडीच तास सहज. मग हेलसिंकीची रात्र अधिक बर्लिनची रात्र असा दुहेरी खर्च होतो. हेलसिंकीहून सकाळचं विमान मिळालं तर बघा. किल्ली त्याच दिवशी मिळू शकेल.

आणि हाउसमाइस्टरला आधी मेल करा, जर्मनमध्ये. इंग्रजी मेलला उत्तर आलं तर नशीब.

मुक्ताई_नाशिक

अगं बाई! हे तर डोक्यातच नव्हतं. खोली मिळालीय, करार १ ऑक्टोबरपासूनच आहे. कॅलेंडर घेऊन बसते.

झणझणीत

सगळे व्हिसा नि किल्ल्या बोलताय. खाण्याचं कोण बोलणार?

ताई, बॅगेत तूप भरलं असेल तर काढा. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या वापरासाठीसुद्धा आणता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, सगळं त्यात आलं. कढीपत्त्याची ताजी पानंही नकोत, ताज्या भाजीपाल्याला रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. गंमत म्हणजे नारळ, केळी, खजूर, अननस आणि तो घाणेरड्या वासाचा डुरियन या पाचांना माफी आहे. कोकणातल्या माणसाने नियम केल्यासारखा वाटतो. मसाले, डाळी, पोहे, तेलातली लोणची खुशाल न्या.

मुक्ताई_नाशिक

दोन किलो साजूक तूप कढवून ठेवलंय हो मी.

झणझणीत

मग पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. :)

सोनचाफा_फिरस्ती

आता माझा आवडीचा विषय. आम्ही दोघं नॉर्वेहून परतताना हेलसिंकीला राहिलो होतो. लोक म्हणतात, कोपनहेगन-स्टॉकहोमच्या मानाने हे गाव फिकं. पटत नाही. थोड्या वेळासाठी हेच बरं, सगळं चालत्या अंतरावर आहे.

विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. आय किंवा पी, कुठलीही गाडी पकडा, दोन्ही अर्ध्या तासात सेंट्रल स्टेशनला नेतात. मार्ग वर्तुळाकार असल्याने चुकीची गाडी असा प्रकारच नाही. तिकीट मात्र एबीसी झोनचं, आम्ही गेलो तेव्हा पाच युरोच्या आत होतं. एचएसएलच्या (तिथली शहर वाहतूक संस्था) अॅपवर किंवा यंत्रावर काढायचं. फाटक नाही म्हणून फुकट जायचा मोह नको. तपासनीस साध्या कपड्यांत असू शकतात आणि दंड जबर आहे.

सेंट्रल स्टेशनची इमारत १९१९ ची, एलिएल सारिनेनची. दारापाशी हातात दिव्याचे गोळे धरलेले चार दगडी दांडगट उभे आहेत. तिथून पाच मिनिटांवर ओडी. म्हणायला सार्वजनिक वाचनालय. स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त देशाने स्वतःला दिलेली भेट, डिसेंबर २०१८ मध्ये उघडली, आणि नेमकी संसदेच्या समोर. तिसऱ्या मजल्यावर पुस्तकं, वर लाटांसारखं पांढरं छत, मध्ये कुंड्यांतली झाडं. पण मला दुसऱ्या मजल्याने वेड लावलं. तिथे शिलाई मशिनी आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, गाणी रेकॉर्ड करायच्या खोल्या आहेत. एक आजोबा खिडकीचे पडदे घेऊन आले होते. चष्मा नाकावर, दातात टाचणी, शांतपणे पट्टी मुडपत होते. शेजारच्या यंत्रावर शाळकरी पोरगा प्लास्टिकचा ड्रॅगन छापत होता. दोघांनी एकमेकांकडे ढुंकून पाहिलं नाही. कुणी ओळखपत्र मागत नाही, वायफाय फुकट, स्वच्छतागृह फुकट, नळाचं पाणी उत्तम. विमानातून उतरलेल्या दमल्या मुलीने पहिली संध्याकाळ इथेच काढावी.

तिथून सिनेट चौक. पांढरं कॅथेड्रल १८५२ साली पुरं झालं, आराखडा कार्ल लुडविग एंगेलचा. हा एंगेल जन्माने बर्लिनचा. राजधानी १८१२ मध्ये तुर्कूहून इथे हलवल्यावर सगळा चौक त्याच्याच हातून उभा राहिला. म्हणजे लेक बर्लिनला जायच्या आधीच एका बर्लिनकराचं काम बघून घेईल. चौकाच्या मध्यभागी रशियाच्या झार अलेक्झांडर दुसऱ्याचा पुतळा, १८९४ चा. स्वतंत्र झाल्यावरही तो यांनी काढला नाही. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या राजकारणावर मी काही बोलत नाही.

चौकोनी_चाक

बोललात की.

सोनचाफा_फिरस्ती

:) पुढे ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी सुओमेनलिन्ना, समुद्रातल्या बेटांवरचा किल्ला. कौप्पातोरी म्हणजे बंदरावरच्या बाजारातून फेरीबोट निघते, पंधरा मिनिटं. शहराच्या बस-ट्रामचंच तिकीट तिला चालतं, कारण बेटांवर सातआठशे माणसं कायमची राहतात. आमच्या बोटीत पर्यटक कमी, भाजीच्या पिशव्या आणि बाबागाड्या जास्त होत्या.

स्वीडनचं राज्य असताना १७४८ मध्ये रशियाला अडवायला हा जलदुर्ग बांधायला घेतला. अनेक बेटं तटबंदीने जोडलेली, तटात तोफा, सुकी गोदी. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला इथे घरच्यासारखं वाटेल. तट काळ्या-राखाडी ग्रॅनाइटचे आणि वर गवत उगवलेलं. आणि कथाही अगदी आपल्या बखरीतली: १८०८ मध्ये रशियाने वेढा दिला आणि दोन महिन्यांत किल्लेदार क्रोनस्टेट याने किल्ला देऊन टाकला. का दिला, फितुरी की घाबरगुंडी, यावर अजून वाद चालू आहे. पुढच्याच वर्षी अख्खा फिनलंड रशियाच्या झाराकडे गेला. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंग्रज-फ्रेंच आरमाराने यावर तोफा डागल्या. १९९१ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

वेळ कमी असेल तर चॅपेल, म्युझियमं सोडा. बोटीतून उतरल्यावर निळ्या पाट्यांच्या मागे दक्षिण टोकाच्या राजद्वारापर्यंत चालत जा, तटावर चढा, परत या. दोन तास पुरतात.

झणझणीत

परत खाण्याकडे. शाकाहारी मुलगी आहे का?

मुक्ताई_नाशिक

अंडं चालतं.

एस्पोकर

मग काही अडचण नाही. बेकरीत कार्यालानपीराक्का मिळतो: राय नावाच्या धान्याची पातळ काळपट पारी, कडा चिमटीने दुमडलेल्या आणि आत मऊ गुरगुट्या दूधभात. वर उकडलेलं अंडं आणि लोणी कालवून फासतात. मीठ बेताचंच असतं, खिशात लसणाच्या चटणीची पुडी असू द्या. दालचिनीचा बन आणि कॉफी कुठेही. कामाच्या दिवशी अकरा ते दोन 'लोउनास' लिहिलेल्या पाट्या शोधा. ठरलेल्या पैशांत हवं तेवढं वाढून घ्यायचं जेवण, त्यात एक शाकाहारी पदार्थ बहुधा असतोच. संध्याकाळी त्याच हॉटेलात बसलात तर बिल दुप्पट होतं, म्हणून रात्री सुपरमार्केटचं सॅलड आणि केळी.

पाण्याची बाटली विकत घेतली तर वर २० सेंट अनामत लागते, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात टाकली की परत. कार्ड सगळीकडे चालतं, अगदी बाजारातल्या बेरीवाल्या आजीकडेही. रोख युरो जर्मनीसाठी राखून ठेवा, तिथे लागतील.

तीच_ती_लेक

नमस्कार. आईचा धागा मला आत्येबहिणीने पाठवला. आई, तू माझ्याबद्दल इथे लिहितेस हे मला माहीत नव्हतं.

पांथस्थदादा, हाउसमाइस्टरला मेल केला, जर्मनमध्ये. उत्तर आलं: गुरुवारी सकाळी ९ ते १२. म्हणून आम्ही (म्हणजे मी आणि बाबा, हो, बोलतोय आम्ही) असं ठरवलंय: मंगळवारी दुपारी हेलसिंकी, बुधवारी दुपारचं विमान, रात्र बर्लिनला मावशीच्या ओळखीच्यांकडे, गुरुवारी पहाटेच्या गाडीने माग्देबुर्ग. व्हिसा २० सप्टेंबरपासून आहे. थांबा चोवीस तासांच्या आत बसतोय, बॅगा थेट.

बाबांची अट: मुलींच्याच डॉर्ममध्ये राहायचं आणि लोकेशन चालू ठेवायचं. मान्य.

दोन प्रश्न. एक, मुंबई-दिल्ली वेगळं काढलं तर स्वस्त पडतं, काढू का? दोन, सौना (तिथलं गरम वाफेचं स्नानघर). एका संध्याकाळीत जमेल का, आणि तिथे सगळे खरंच तसेच बसतात का?

चौकोनी_चाक

ठरलंय तर जा बाई, मजा कर. पासपोर्ट आणि मूळ कागद कमरेच्या पट्ट्यात, लॅपटॉप हॉस्टेलच्या लॉकरमध्ये. लॉकरला कुलूप आपलं न्यायचं, तिथे ते विकत मिळतं आणि महाग मिळतं.

दर्यावर्दी

पहिल्या प्रश्नावर: काढू नकोस. वेगळ्या तिकिटावर देशांतर्गत विमानात बहुतेक १५ किलोच चालतात, वरच्या प्रत्येक किलोला पैसे. दिल्लीत बॅगा उतरवून परत चेक-इन करायच्या. विमान टी१ ला उतरलं तर बसने टी३ ला जायचं. आणि पहिलं उशिरा आलं तर दुसरं तुझ्यासाठी थांबत नाही, पैसेही बुडतात. मुंबईपासून बर्लिनपर्यंत एकच तिकीट मिळत असेल तर ते घे. नाहीतर आदल्या दिवशी ट्रेनने दिल्ली. राजधानीत तुझा कुकर कुणी तोलणार नाही.

एस्पोकर

सौनाचं मी सांगतो. पंचावन्न-छप्पन्न लाखांच्या देशात तीस लाखांवर सौना आहेत, त्यामुळे चुकवू नकोस. दोन पर्याय. समुद्रकाठचा 'लोयली', २०१६ चा. तिथे स्त्री-पुरुष एकत्र बसतात आणि पोहण्याचा पोशाख सक्तीचा आहे, त्यामुळे बाबांना निःशंक सांग. वेळ मात्र आधी ऑनलाइन राखून ठेव, ऐनवेळी मिळत नाही. दुसरा काल्लिओ भागातला कोतिहार्यू, १९२८ पासूनचा, अजून लाकडावर तापतो. तिथे बायकांचा आणि पुरुषांचा भाग वेगळा, पण आत कपडे नसतात. कुणी बघत नाही, कुणी बोलत नाही.

आत जाण्याआधी साबण लावून आंघोळ करायची. बसताना खाली छोटा टॉवेल. पहिल्यांदा खालच्या पायरीवर बस, वर फार धग असते. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं असेल तर शेजारच्याला विचारून टाक. अर्धा लिटर पाणी पिऊनच जा. विमानातून उतरल्या उतरल्या मात्र नको, आधी काहीतरी खा आणि तासभर थांब.

पोहण्याचा पोशाख हातातल्या बॅगेत ठेव. मोठी बॅग बर्लिनला गेलेली असेल.

मुक्ताई_नाशिक

तो पोशाख मी आत्ताच मोठ्या बॅगेत तळाशी घातला होता, काढते. तूप वहिनींकडे पाठवलंय. @झणझणीत, उशीर झाला तुम्हाला.